बारा महिन्यांत जंतूंशी ओळख

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यातील रुग्ण हातापायांतील बळ गेल्याची तक्रार घेऊन एकामागोमाग एक रुग्णालयांत दाखल होऊ लागले, तेव्हा ‘गुइलेन बॅरे सिंड्रोम’ हे नाव बहुतेक वाचकांनी प्रथमच ऐकले. पाहता पाहता संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. केंद्रीय पथक आले, विहिरींचे व नळांचे पाणी तपासले गेले. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तपासलेल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू आढळला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली.

शहराला हा जिवाणू नवा होता. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षातील कोणत्याही विद्यार्थ्याला तो नवा नव्हता. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात त्याच्यासाठी फार तर पानभर मजकूर असतो: आकार उडत्या समुद्रपक्ष्याच्या पंखांसारखा, वाढ ४२ अंश सेल्सियसला, प्राणवायू मात्र नेहमीपेक्षा पुष्कळ कमी लागतो, कोंबड्यांच्या आतड्यांत वास्तव्य आणि जुलाबानंतर काही रुग्णांत गुइलेन बॅरे. त्याच्या बाह्य आवरणातील काही रेणू मानवी मज्जातंतूंवरील रेणूंशी मिळतेजुळते असतात. त्यामुळे जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे स्वतःच्याच मज्जातंतूंवर चाल करून जातात. तोंडी परीक्षेत परीक्षकाने हे विचारावे आणि विद्यार्थ्याने घडाघडा सांगावे, असा हा ठरलेला प्रश्न आहे.

परंतु हा जंतू शौचाच्या नेहमीच्या तपासणीत उगवत नाही. त्यासाठी वेगळे माध्यम, वेगळे तापमान आणि वायूंचे वेगळे मिश्रण लागते. मुद्दाम शोधल्याखेरीज तो सापडत नाही. साहजिकच ज्या जंतूने पुण्याची झोप उडविली तो वर्षानुवर्षे पाठ केला जात होता, पण पाहिला फार थोड्यांनी होता. वाचलेले आणि पाहिलेले यांतील हे अंतर एका जिवाणूपुरते असते तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राथमिक शिक्षण आज ज्या रीतीने दिले जाते, त्या रीतीतच ते दडलेले आहे आणि त्याची किंमत पुढे रुग्णाला मोजावी लागते.

या विषयाचा अभ्यासक्रमातील प्रवास पाहण्यासारखा आहे. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमावलीनुसार एमबीबीएसचा दुसरा टप्पा अठरा महिन्यांचा होता आणि सूक्ष्मजीवशास्त्राला २५० तास दिलेले होते. २०१९ मध्ये क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. दुसरा टप्पा बारा महिन्यांवर आला आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या वाट्याला १९० तास आले. त्यांपैकी व्याख्यानांचे ७०, प्रात्यक्षिके व गटचर्चांचे ११० आणि स्वयंअध्ययनाचे १०. व्याख्याने कमी करून हाताने करावयाच्या कामाला जास्त वेळ देण्याचा हेतू चांगलाच होता. विषयाची मांडणीही बदलली. पूर्वी जिवाणू, विषाणू, बुरशी, परोपजीवी अशी कुळवार यादी असे. नव्या अभ्यासक्रमात अवयवसंस्थांप्रमाणे मांडणी झाली. म्हणजे विद्यार्थ्याने ‘हा जंतू कोणकोणते रोग करतो’ असा विचार न करता ‘हा रुग्ण जुलाबाने आजारी आहे, तर कोणकोणते जंतू संभवतात’ असा विचार करावा. रुग्ण कधी ‘मी विब्रिओ कुळातला’ असे सांगत येत नाही, एवढे लक्षात घेतले तरी हा बदल किती योग्य होता हे पटते.

अडचण आली ती अंमलबजावणीत. याच बारा महिन्यांत विकृतिशास्त्र आणि औषधशास्त्र हे दोन्ही अवजड विषयही असतात. शिवाय रोज सकाळी वॉर्डातील हजेरी सुरू होते. तिन्ही विषयांच्या विद्यापीठ परीक्षा एकदमच येतात. अशा वेळी विद्यार्थी जे करील तेच तो करतो: पाठांतर. पिढ्यान्पिढ्या ज्या ‘अनंतनारायण’वर विद्यार्थ्यांनी हा विषय काढला, त्या १९७८ साली प्रथम निघालेल्या पाठ्यपुस्तकाची मूळ मांडणी जंतूवार होती. नव्या मांडणीची पुस्तके बाजारात आली खरी, पण परीक्षेच्या आदल्या रात्री हातात असते ती सीनिअरकडून मिळालेली झेरॉक्सच.

‘बासू’ आणि विडाल

पाठांतराचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. विषमज्वराच्या निदानासाठी कोणत्या आठवड्यात कोणती तपासणी करावी, हे लक्षात ठेवण्यासाठी देशभरातील विद्यार्थी ‘बासू’ हा शब्द वापरतात. पहिल्या आठवड्यात रक्ताचे कल्चर, दुसऱ्यात विडालची समूहन चाचणी, तिसऱ्यात शौच आणि चौथ्यात मूत्र, यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो मेळ आहे. असे युक्तीने लक्षात ठेवण्यात गैर काही नाही. त्याच पानावर पुढे हेही लिहिलेले असते, की विडालचा एकच अहवाल फारसा भरवशाचा नसतो. आठवडा-दहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत प्रतिपिंडांची पातळी चौपट वाढलेली दिसली तर तिला अर्थ असतो. आपल्यासारख्या, जेथे विषमज्वर सतत आढळतो अशा देशात जुन्या संसर्गाची वा लसीची प्रतिपिंडे निरोगी माणसाच्या रक्तातही असू शकतात.

हे सारे परीक्षेत लिहून उत्तीर्ण झालेले डॉक्टर पुढे काय करतात? ताप आला, चार दिवस उतरला नाही, की कोपऱ्यावरच्या लॅबमधून एकदाच केलेली विडाल मागविली जाते. ती ‘पॉझिटिव्ह’ आली की विषमज्वर ठरतो आणि प्रतिजैविक सुरू होते. रक्ताचे कल्चर क्वचितच पाठविले जाते. याचा सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. कल्चरला खर्च येतो, अहवालाला तीन-चार दिवस लागतात आणि तापाने फणफणलेल्या मुलाचे आईवडील तेवढे थांबायला तयार नसतात. तरीही दुसऱ्या वर्षी शिकलेले ज्ञान आणि दवाखान्यातील व्यवहार यांची फारकत इतकी सहज कशी होते, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर प्रात्यक्षिकाच्या तासातच शोधावे लागते. सूक्ष्मजीवशास्त्रातील पहिले महत्त्वाचे कौशल्य म्हणजे ग्रॅमचे रंजन. १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्रॅम या डॅनिश वैद्याने ते प्रसिद्ध केले आणि आजही जगातील प्रत्येक रुग्णालयात ते रोज केले जाते. काचपट्टीवर पूचा वा थुंकीचा पातळ थर पसरावयाचा, तो ज्योतीवर हलकेच तापवून पक्का करावयाचा, त्यावर जांभळा रंग, मग आयोडीन, मग रंग धुऊन काढणारे अल्कोहोल वा ॲसिटोन आणि शेवटी लाल छटेचा दुसरा रंग. ज्यांची भित्तिका जाड ते जिवाणू जांभळे राहतात, पातळ भित्तिकेचे गुलाबी होतात. सगळी मेख तिसऱ्या पायरीत आहे. रंग काढणारे द्रव्य दोन-चार सेकंद जास्त राहिले तर जांभळे जिवाणूही गुलाबी दिसतात. कमी राहिले तर सारेच जांभळे. हे पुस्तक वाचून समजत नाही, दहा काचपट्ट्या बिघडविल्यावर समजते.

आता शंभर-दीडशेची तुकडी डोळ्यांसमोर आणावी. विद्यार्थी गटागटाने प्रयोगशाळेत येतात. तासाच्या आरंभी प्रात्यक्षिक दाखविले जाते, मग प्रत्येकाला आधीच तयार केलेला जिवाणूंचा द्राव मिळतो. त्याचे रंजन करावयाचे, सूक्ष्मदर्शकातून पाहावयाचे, लाल-निळ्या पेन्सिलीने जर्नलमध्ये आकृती काढावयाची आणि सही घ्यावयाची. जर्नल पूर्ण झाले म्हणजे विषय झाला, अशी समजूत येथेच दृढ होते. द्रावातले जिवाणू कोणाच्या शरीरातून आले, त्या माणसाला काय होत होते, अहवालानंतर त्याचे औषध बदलले की नाही, यांपैकी काहीच त्या काचपट्टीवर नसते.

गंमत अशी, की तोच विद्यार्थी त्याच दिवशी सकाळी वैद्यक वा शल्यचिकित्सा विभागाच्या वॉर्डात उभा असतो. तेथे पोटात पू झालेला, फुप्फुसात पाणी झालेला, मूत्रमार्गाच्या संसर्गाने तापलेला रुग्ण असतो. त्या रुग्णाचा नमुना बाटलीतून खाली प्रयोगशाळेत गेलेला असतो वा जायला हवा असतो. वॉर्ड आणि प्रयोगशाळा एकाच आवारात, पुष्कळदा एकाच इमारतीत. विद्यार्थी दोन्हीकडे रोज जातो. पण एका विशिष्ट रुग्णाचा एक विशिष्ट नमुना वरून खाली आणि अहवाल खालून वर असा पूर्ण प्रवास त्याने एकदाही पाहिलेला नसतो. अवयवसंस्थांप्रमाणे केलेल्या नव्या मांडणीचा गाभाच मुळी हा प्रवास होता.

तो प्रवास पाहिला तर काय दिसेल? रक्ताचे कल्चर घ्यावयाचे तर प्रौढ व्यक्तीच्या प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त लागते. दोन मिलिलिटर घालून काम भागविले तर जंतू सापडण्याची शक्यता पुष्कळ घटते. सुई टोचण्यापूर्वी त्वचा नीट निर्जंतुक केली नाही तर त्वचेवरचे निरुपद्रवी जंतू बाटलीत जातात आणि अहवाल भलताच येतो. मग त्या भलत्या जंतूंसाठी रुग्णाला महागडे प्रतिजैविक दिले जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रक्त प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेआधी घ्यावे लागते. रात्री दोन वाजता दाखल झालेल्या रुग्णाला निवासी डॉक्टर आधी इंजेक्शन देतो की आधी बाटली भरतो, यावर पुढील आठवड्याचे उपचार अवलंबून असतात. ही माहितीची नव्हे, सवयीची बाब आहे. आणि सवयी पंचविसाव्या वर्षी लावण्यापेक्षा विसाव्या वर्षी लावणे सोपे जाते.

अंदाजपंचे औषधोपचार

या सवयीला आज एवढे महत्त्व का, हे आकडेच सांगतात. ‘द लॅन्सेट’मध्ये २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंची संख्या १२ लाख ७० हजार होती. त्यांतील जवळपास तीन लाख मृत्यू भारतातील असल्याचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले आहे, की २०२३ मध्ये जगभर प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या जिवाणू संसर्गांपैकी दर सहांत एक औषधाला दाद न देणारा होता. भारत ज्यात मोडतो त्या आग्नेय आशिया विभागात हे प्रमाण दर तिनांत एक असे आहे.

केंद्र सरकारने प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्धची पहिली राष्ट्रीय कृतियोजना २०१७ मध्ये आणि दुसरी नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केली. त्याआधी मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविके ‘एच १’ या परिशिष्टात टाकून त्यांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषध दुकानदारांना बंधनकारक झाले. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन वापरण्यावर २०१९ मध्ये बंदी आली. केरळने २०१८ मध्ये स्वतःची राज्य योजना आखली. हे सारे आवश्यकच आहे. पण औषधाची चिठ्ठी लिहिणारा हात डॉक्टरचा असतो, आणि चिठ्ठी लिहिण्यापूर्वी नमुना पाठवावा, अहवाल आल्यावर व्यापक प्रभावाचे औषध थांबवून नेमके औषध द्यावे, हे त्या हाताला शिकविण्याची जागा दुसऱ्या वर्षातली आहे. कृतियोजनांच्या दस्तऐवजांत प्रशिक्षणाचा उल्लेख असतो, परंतु तो बहुतेक वेळा सेवेत असलेल्या डॉक्टरांच्या कार्यशाळांपुरता येतो. दोन दिवसांच्या कार्यशाळेत वीस वर्षांची सवय मोडत नाही.

मुंबईला तर प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या यांच्या शेजाराचा मोठा वारसा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधून काढल्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका छोट्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये १८९९ मध्ये सुरू झालेल्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेलाच १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव मिळाले. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात, साथ ऐन भरात असताना, रुग्णांपासून काही पावलांवर हे घडले. आजच्या विद्यार्थ्याला हाफकिन यांचे नाव माहीत असते. एक गुणाच्या प्रश्नाचे ते उत्तर असते.

शिकविणार कोण?

अलीकडच्या काळात या प्रश्नाला नवी धार आली आहे ती महाविद्यालयांच्या वाढत्या संख्येमुळे. २०१४ पूर्वी देशात ३८७ वैद्यकीय महाविद्यालये आणि एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या. २०२४ मध्ये महाविद्यालये ७३१ आणि जागा १,१२,११२ झाल्या. महाराष्ट्रात ९ ऑक्टोबर २०२४ रोजी एकाच दिवशी दहा शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. मुंबई, नाशिक, अंबरनाथ, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम, भंडारा आणि हिंगोली. त्यांतून ९०० जागांची भर पडली. गडचिरोलीच्या मुलीला डॉक्टर होण्यासाठी नागपूर गाठावे लागू नये, हे कोणीही स्वागतच करावे असे आहे. मात्र पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय मृतदेह व वर्गखोल्यांवर निभावता येतात. दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र सुरू झाले, की चोवीस तास चालणारी प्रयोगशाळा लागते, तिच्याकडे नमुने पाठविणारे चालते रुग्णालय लागते आणि शिक्षक लागतात.

शिक्षकांच्या बाबतीत धोरणाने मोठे हेलकावे घेतले आहेत. पूर्वी सूक्ष्मजीवशास्त्रासह काही विभागांत तीस टक्क्यांपर्यंत शिक्षक वैद्यकीय पदवी नसलेले, म्हणजे वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रातील एम.एस्सी., पीएच.डी. झालेले असू शकत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ च्या नियमांत सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र या विभागांची दारे त्यांना बंद केली. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या नियमांनी ती पुन्हा उघडली. तीन वर्षांत एका शिक्षकवर्गाला अपात्र ठरवून पुन्हा पात्र ठरविण्यामागे कोणता शैक्षणिक विचार होता, हे समजणे कठीण आहे. शिक्षक मिळत नाहीत म्हणून दार उघडले, हाच त्याचा सरळ अर्थ.

या वादात दोन्ही बाजूंना तथ्य आहे. एम.डी. झालेल्या शिक्षकाने रुग्ण हाताळलेला असतो. अहवालाचा वॉर्डातील अर्थ तो विद्यार्थ्याला सांगू शकतो. एम.एस्सी. शिक्षकाची प्रयोगशाळेतील बैठक पुष्कळदा अधिक पक्की असते आणि तो त्याच विभागात आयुष्य काढण्याच्या तयारीने आलेला असतो. एम.डी.ची स्थिती मात्र वेगळी आहे. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी सूक्ष्मजीवशास्त्र ही पहिली पसंती असलेले विद्यार्थी विरळा. रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग संपल्यावर मागे उरणाऱ्या जागांत या विषयाचा क्रमांक लागतो. पदव्युत्तर प्रवेशासाठीचे किमान पर्सेंटाइल सप्टेंबर २०२३ मध्ये शून्यावर आणावे लागले, ते रिकाम्या राहणाऱ्या जागा भरण्यासाठीच, आणि अशा जागांत रुग्णांशी थेट संबंध नसलेल्या शाखांचा भरणा मोठा असतो. जे एम.डी. होतात त्यांनाही मोठ्या खासगी रुग्णालयांत संसर्ग नियंत्रणाच्या कामासाठी मागणी आहे. तेथील वेतन सोडून त्यांनी आडवळणाच्या जिल्ह्यातील नव्या महाविद्यालयात, तेही कित्येकदा कंत्राटी नेमणुकीवर, का यावे?

परिणाम असा, की तपासणीच्या तोंडावर एका महाविद्यालयातील शिक्षक दुसरीकडे दाखविले जातात, ही तक्रार राज्यात वर्षानुवर्षे ऐकू येते. आधारशी जोडलेल्या हजेरीने त्याला काही आळा बसेल. पण हजेरीच्या यंत्रावर उमटलेला चेहरा दीडशे विद्यार्थ्यांच्या काचपट्ट्या तपासू शकत नाही.

कोरोनाने या विषयाला एकाएकी प्रतिष्ठा दिली होती, हे येथे आठवावे लागेल. जानेवारी २०२० मध्ये या विषाणूची खात्रीची तपासणी देशात केवळ पुण्याच्या एनआयव्हीत होत होती. पुढच्या काही महिन्यांत वैद्यकीय महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी रात्रंदिवस राबून तपासणीचे जाळे उभे केले. ज्या विभागाकडे वरिष्ठांचे वर्षानुवर्षे लक्ष गेले नव्हते, तेथे जिल्हाधिकारी रोज दूरध्वनी करू लागले. आरटी-पीसीआर यंत्रे आली, सुरक्षित कक्ष आले, तात्पुरते तंत्रज्ञ आले. ऑगस्ट २०२० मध्ये अभ्यासक्रमात महासाथ व्यवस्थापनाचा स्वतंत्र भागही समाविष्ट झाला. विडंबना एवढीच, की क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाची ही पहिलीच तुकडी असताना टाळेबंदीत विद्यार्थी घरी बसले होते. शतकातील सर्वांत मोठा प्रात्यक्षिकाचा तास प्रयोगशाळेत भरला होता आणि व्याख्याने मोबाइलच्या पडद्यावर चालली होती. साथ ओसरली तसे कंत्राटी तंत्रज्ञ गेले. यंत्रे राहिली, ती चालविण्यासाठी लागणारी रसायने आणि देखभाल यांचा खर्च आता प्रत्येक विभागाला झगडून मिळवावा लागतो.

भाषेचा मुद्दाही ओघाने येतो. नीट ही प्रवेश परीक्षा २०१७ पासून मराठीतूनही देता येते. शासकीय महाविद्यालयांत येणाऱ्यांत ग्रामीण व निमशहरी भागांतील मुलेमुली मोठ्या संख्येने असतात. मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये हिंदी पाठ्यपुस्तकांचे मोठ्या समारंभाने प्रकाशन झाले, ती पहिल्या वर्षाच्या तीन विषयांची. महाराष्ट्रातही मराठीतून वैद्यकीय शिक्षणाच्या घोषणा होऊन गेल्या. सूक्ष्मजीवशास्त्रापुरते बोलायचे तर जंतूंची नावे लॅटिन आहेत आणि तशीच राहणार. ती देवनागरीत लिहिल्याने सोपी होत नाहीत. खरी गरज उलट टोकाला आहे. थुंकीचा नमुना द्या म्हटल्यावर रुग्ण तोंडातील लाळ देतो. छातीतून खाकरून आलेला बेडका हवा आहे, सकाळचा पहिला हवा आहे, हे त्याला त्याच्या भाषेत नीट सांगितले नाही तर पुढची सारी यंत्रणा लाळ तपासत बसते. क्षयाचे जंतू रंजनाने सूक्ष्मदर्शकात दिसायचे तर एक मिलिलिटर बेडक्यात ते किमान पाच ते दहा हजार असावे लागतात. जनुकीय तपासणी त्याहून खूप कमी जंतूही दोन तासांत ओळखते, पण लाळेतून तीही फारसे काही काढू शकत नाही. नमुना कसा मागावा, हे मराठीत सांगण्याचा सराव विद्यार्थ्यांकडून एक तास करून घेतला, तरी घोषणांपेक्षा जास्त काम होईल.

मग करावे काय? नवे नियम, नवा विषय, नवी समिती यांची येथे आवश्यकता दिसत नाही. जे लागते ते कागदावर आधीच आहे. २०१९ च्या अभ्यासक्रमात ग्रॅमचे व क्षयजंतूंचे रंजन, शौचाची सूक्ष्मदर्शी तपासणी, हात धुण्याची शास्त्रीय रीत आणि सुरक्षा साधनांचा वापर ही स्वतः करून दाखवावयाची कौशल्ये आहेत आणि त्यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे. सहविषयांशी सांगड घालून शिकविण्याची तरतूदही आहे. नोंदवहीतील पाच ग्रॅम रंजनांपैकी निदान दोन वॉर्डातील प्रत्यक्ष रुग्णांच्या नमुन्यांची असावीत, नमुना विद्यार्थ्याने स्वतः वॉर्डातून आणावा, तीन दिवसांनी अहवाल स्वतः नेऊन द्यावा आणि औषधात काय बदल झाला ते नोंदवावे, एवढे एखाद्या विभागप्रमुखाने ठरविले तर त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. मेडिसिनच्या विभागप्रमुखाची मात्र लागते. दोन विभागांनी एकमेकांशी बोलावे लागते आणि आपल्या महाविद्यालयांत तेच अनेकदा अवघड असते.

परीक्षा बदलल्याखेरीज हे टिकणार नाही, हेही खरे. नव्या रचनेत विद्यापीठ परीक्षेत सूक्ष्मजीवशास्त्राच्या शंभर गुणांच्या दोन लेखी प्रश्नपत्रिका आणि शंभर गुणांचे प्रात्यक्षिक आहे. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ या परीक्षा घेते, तेव्हा राज्यातील बहुसंख्य विद्यार्थी काय वाचणार हे एका अर्थी तेच ठरविते. ‘कॅम्पिलोबॅक्टरवर टीप लिहा’ असे विचारले, तर टीप पाठ होईल. सहा रुग्णांना एकाच आठवड्यात हातापायांत अशक्तपणा आला, सारे एकाच विहिरीचे पाणी पितात, तर कोणते नमुने कोठे, कसे पाठवाल, असे विचारले तर पाठांतर पुरणार नाही. असे प्रसंगाधारित प्रश्न अधूनमधून येऊ लागले आहेत. ते तपासणाऱ्या परीक्षकालाही आदर्श उत्तराच्या कागदापलीकडे विचार करावा लागतो, म्हणून ते थोडेच असतात.

दुसरे वर्ष संपले, की विद्यार्थ्याची या विभागाशी औपचारिक गाठ जवळजवळ तुटते. अंतिम वर्षापर्यंत तो मेडिसिन, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग, बालरोग यांतच असतो. २०२१ च्या नियमांनुसार वर्षभराच्या आंतरवासितेत सामाजिक वैद्यकापासून न्यायवैद्यकापर्यंत अनेक विभागांच्या सक्तीच्या पाळ्या आहेत. प्रयोगशाळा तेवढी ऐच्छिक विषयांच्या यादीत आहे, आणि पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या तयारीत बुडालेले आंतरवासी ती यादी चाळतात ते कोठे सुट्टी जास्त मिळेल हे पाहण्यासाठी. त्याच वर्षी रात्रपाळीत रुग्णाचे रक्त काढण्याचे काम त्यांच्याकडेच असते. बाटलीत किती रक्त घालावयाचे, हे त्यांना तेव्हा एखादी परिचारिका सांगते.